नेव्हिलचा एकही ठोका चुकला नाही

हल शहरातल्या हेसल रोडवर नेव्हिल स्टॅदर्सला सगळे ओळखत, कारण त्याच्या ड्रमने सगळ्यांचंच डोकं उठवलं होतं. दिवसा तो मासळी कापायचा आणि संध्याकाळी ‘द वेट पेव्हमेंट्स’मध्ये वाजवायचा. चार वर्षं या बँडने पबापबांतून शिव्या खाल्ल्या. एक्क्याऐंशी साली मात्र त्यांचं एक गाणं रेकॉर्डविक्रीच्या यादीत पहिल्या चाळिसांत आलं आणि लंडनहून टीव्हीचं बोलावणं आलं.

गोम एवढीच, की त्या रेकॉर्डवर नेव्हिल कुठेच नव्हता. रेकॉर्डच्या निर्मात्याने ड्रमचे ठोके देणारं वहीएवढं एक यंत्र आणून चार बटणं दाबली, नि हा बिचारा तीन दिवस सगळ्यांना चहा करून देत बसला. घरी आईला हे सांगायची त्याची छाती झाली नाही.

“टीव्हीवर सगळेच वाजवल्याचं सोंग करतात,” गायक ज्युलियनने त्याला बजावलं. “मागे रेकॉर्ड चालू असते. तू फक्त यंत्राशी हात जुळव. जमलं तर बँडच्या पुढच्या दौऱ्याला तू आहेस, लेका!”

नेव्हिल जिवाच्या आकांताने कामाला लागला. स्वयंपाकघरात उशीवर ठोके देत त्याने स्वतःची सगळी खोड मोडली. मध्येच टाकायचे घुमारे गेले, मान डोलावणं गेलं. मला तर वाटतं, मारून मुटकून त्याने स्वतःलाच पुसून टाकलं.

बुधवारी चित्रण झालं. आवाज होऊ नये म्हणून ड्रमच्या झांजांवर रबर चढवलेलं होतं. नेव्हिलने हूं की चूं न करता गाणं निभावलं. बाहेर येताच ज्युलियनने त्याला मिठी मारली.

“कमाल केलीस! अगदी यंत्र वाटलास.” मग तो बुटांकडे बघत पुटपुटला, “निर्माता म्हणतो, मग दौऱ्यालाही यंत्रच नेऊ. व्हॅनमध्ये जागाही होईल. राग मानू नकोस, नेव्ह.”

गुरुवारी संध्याकाळी आईने अर्धी गल्ली टीव्हीपुढे बसवली होती. बटाट्याच्या तळलेल्या पॅटी नि चिप्सचा ढीग, चहाची किटली, आणि मधोमध नेव्हिल, कोपऱ्यात तोंड लपवायलाही जागा नाही.

“गप्प बसा गं! आमच्या नेव्हचा ड्रम ऐका,” आई ओरडली. “काय हात आहे पोराचा! तुझे वडील आज हवे होते रे.”

कार्यक्रम संपला. शेजारच्या एथेलबाईंनी दोन चमचे त्याच्या हातात कोंबले. “आता आमच्यासमोर वाजव बघू.”

“नको हो, काकू.”

“वाजव ना, बाळा,” आई म्हणाली आणि तिने रेकॉर्ड लावली.

नेव्हिलला हंबरडा फोडावासा वाटत होता. त्याने टेबलाच्या कडेवर चमचे धरले. रेकॉर्डवरचं यंत्र सुरू झालं आणि त्याच्या मागोमाग तोही. शेवटपर्यंत त्याचा एकही ठोका चुकला नाही.

“बघा,” आई डोळे पुसत म्हणाली, “सेम टू सेम!”