राऊतबाईंची रंगीत तालीम

पालघरच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या राऊतबाई कुठलीही गोष्ट आधी करून बघितल्याशिवाय करत नसत. सातपाटीला सहल न्यायची तर आधी स्वतः जाऊन यायच्या. स्नेहसंमेलनाचे आभारसुद्धा रिकाम्या सभागृहात एकदा मानून घ्यायच्या. मी मराठीचा शिक्षक, हसलो की म्हणायच्या, "चुका तालमीतच होऊ द्याव्यात, सर. तेव्हा कोणाला लागत नाही."

म्हणूनच चंद्रावर माणूस पाठवायची अमेरिकेतली तयारी त्यांना फार आवडे. तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं. तिथे कामाला असलेला त्यांचा भाऊ परदेशी साहेबांची जुनी मासिकं आणून द्यायचा. यान पाण्यात टाकून बघतात, गदागदा हलवून बघतात, माणसं आत बसवून बघतात, हे त्या मुलांना रंगवून सांगत.

सदुसष्टच्या जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या पताका अजून उतरवल्या नव्हत्या, तोच रेडिओवर बातमी आली. चाचणी चालू असताना यानात आग लागून आतले तिघेही अंतराळवीर गेले होते. बाई खुर्चीची पाठ धरून उभ्याच राहिल्या. शाळेत गावची बोली कधी तोंडी न आणणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "ते जमिनीवरच होते, सर. उडाले पन नाय." तासाला गेल्या, फळ्याकडे तोंड करून थांबल्या आणि न शिकवताच परतल्या.

पुढे वर्तमानपत्रात आलं, की यानाचं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं आणि आतल्या दाबामुळे ते वेळेत उघडलंच नाही. बाई तो अंक घेऊन थेट प्रयोगशाळेत गेल्या. तिचंही दार आतच उघडत होतं. आग लागलीय असं समजून बाहेर पळा, असं त्यांनी मुलांना सांगितलं. पुढची मुलं बंद दारावर चेपली गेली, मागची रेटत राहिली, दार उघडेना. बाईंनी ओरडून थांबवलं, तोवर एक मुलगी गुदमरून रडायला लागली होती. तो गलका ऐकून मी व्हरांड्यातून धावत गेलो.

मुख्याध्यापक म्हणाले, दार बाहेर उघडेल असं फिरवायला संस्थेची मंजुरी लागेल. बाईंनी वाद घातला नाही. दार फिरेपर्यंत आत स्पिरिटचा दिवा पेटणार नाही, एवढं सांगून सगळे प्रयोग व्हरांड्यात मांडले. पावसाळ्याआधी सुतार आला.

दोन वर्षांनी माणूस चंद्रावर उतरला तेव्हा शाळेत पेढे वाटले. शिक्षकखोलीत नुसता आनंद चालला होता. बाईंनी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"सर," त्या म्हणाल्या, "त्या तिघांच्या घरी आज रेडिओ लावला असेल का?"