पंचवीस नंबरचं पातं

दिगंबर भोसेकरांचं गॅरेज बालीगंज स्टेशनाच्या मागच्या गल्लीत होतं. गॅरेजच्या मागे एक खोली, खोलीला लागून पडवी, आणि पडवीत चुलीपाशी त्यांची बायको कालिंदी. लढाईच्या दिवसांत ते फौजेच्या वर्कशॉपमध्ये कलकत्त्याला आले. लढाई संपली, फौज गेली, हे राहिले. कालिंदीला कऱ्हाडहून आणलं तेव्हा सांगितलं होतं की दोन वर्षं राहू. एकोणसत्तर सालात त्या दोन वर्षांना बावीस वर्षं झाली होती.

गॅरेजात सगळीच कामं होत, पण दिगंबरांचं नाव होतं ते प्लगसाठी. गाडी आली की ते आधी बॉनेट उघडत नसत. मालकाला विचारत, गाडी जाते कुठे? ऑफिसात जाते की शहराबाहेर? एकटे जाता की घरची सगळी माणसं कोंबून? मुलगी बघायला आलेल्यांनीसुद्धा इतकं विचारलं नसेल. बंगाली बाबू आधी चिडत, मग सवयीने आपणच सगळं सांगू लागत. चौरंगीला ट्रामच्या मागे रांगणारी गाडी असली तर तिला गरम प्लग, कारण थंड प्लगवर काजळी धरते. आसनसोलपर्यंत भरधाव जाणारी असली तर तिला थंड, नाहीतर टोकं जळून जातात. जुने प्लग काढले की ते पडवीच्या उंबऱ्यावर ओळीने मांडत आणि कालिंदीला म्हणत, वाच. चौथी शिकलेली ती, पण हे तिला वाचता येई. काळाकुट्ट म्हणजे काजळी धरलेला, पांढराफटक म्हणजे फार तापलेला, आणि खमंग भाजलेल्या रव्यासारखा असला म्हणजे त्या गाडीचं बरं चाललंय.

मग गॅप. प्लगच्या दोन टोकांमधल्या ज्या फटीत ठिणगी उडते, ती गॅप. अँबॅसडरची गॅप म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पंचवीस. ती मोजायला पोलादी पात्यांचा जुडगा असतो, त्याला फीलर म्हणत. त्यातलं पंचवीस नंबरचं पातं फटीत घालायचं. अडलं तरी वाईट, सुळकन गेलं तरी वाईट. जरासं घासत गेलं पाहिजे. दिगंबर ते डोळे मिटून करत. बाहेरचं वाकडं टोक एका हलक्या ठोक्याने बसवत, आणि मधल्या टोकाला कोणी हात लावला तर त्याला गॅरेजबाहेर काढत.

आता कलकत्त्यात हत्यारांची पूजा होते विश्वकर्म्याला, भाद्रपदात, आभाळ पतंगांनी भरलेलं असतं तेव्हा. आणि आपल्याकडे होते खंडेनवमीला. कालिंदीने दोन्ही धरल्या. राहतो तिथल्या देवाला नाराज कशाला करा, आणि आपल्या देवाने काय घोडं मारलंय? त्यामुळे वर्षातून दोनदा पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर, सगळं घासूनपुसून लख्ख होऊन पाटावर बसे, हळदकुंकू लावून घेई. त्या वर्षी पावसात गॅरेजात गुडघाभर पाणी शिरलं होतं आणि हत्यारं गंजली होती. कालिंदीने विटेची भुकटी नि नारळाची शेंडी घेतली, आणि दोन्ही पूजांना अशी घासली की दिगंबर म्हणाले, देवीसुद्धा यात तोंड बघून कुंकू लावेल.

दिवाळी झाली आणि गाड्या परत येऊ लागल्या. आधी डॉक्टर घोषालांची आली. पळते बरी, म्हणाले, पण उभी राहिली की खोकते आणि बंद पडते. दिगंबरांनी प्लग पुन्हा लावून दिले. चार दिवसांनी परत तीच तक्रार. मग आणखी दोन गाड्या. प्लग चांगले, तारा चांगल्या, कार्ब्युरेटर साफ. राहिलं काय? राहिला दिगंबरांचा हात. त्यांनी तो असा उन्हात धरून पाहिला, कापतो का. मग भिंग आणलं. आणि एका रविवारी कऱ्हाडच्या भावाला पत्र लिहायला बसले. डोळ्यांनी नि हातांनी दगा दिलाय, फाल्गुनात गॅरेज बंद करून आम्ही तिकडे येतो, असं लिहिलं. पत्र पुरं होईना म्हणून ट्रंकेवर ठेवून दिलं.

कालिंदी त्या दिवशी भाकरी थापताना गुणगुणत होती. हे कबूल केलं पाहिजे. कऱ्हाडला बहीण होती, कृष्णेचा घाट होता, बाजारात पोट भरून मराठीत भांडता येणार होतं.

बुधवारी गुरुदत्त नाडकर्णी आले. बँकेत साहेब, नागपूरहून बदली होऊन आलेले. गाडीची तीच तक्रार. स्वतःला थोडं कळतं हे दाखवायला त्यांनी स्वतःचा नवा फीलर आणला होता. तो पडवीच्या कठड्यावर ठेवून ते चहा प्यायले, आणि दिगंबरांबरोबर गाडीतून फेरी मारायला गेले. कालिंदीने तो उचलला. पाती अशी निळसर, जाड, आकडे ठसठशीत. घरच्या पात्यांवरचे आकडे तर पुसट झालेले, पंचवीसमधला पाच नुसता अंदाजाने वाचायचा. दिगंबरांनी सकाळीच गॅप केलेला एक प्लग तिने घेतला. घरचं पातं घासत गेलं, बरोबर. नवं पंचवीस नंबरचं घातलं, ते शिरेचना. तिने दोन्ही पाती चिमटीत धरून चोळली. शेवया हाताने वळणारी बाई ती. जाडबारीक तिला बोटांनी कळे.

घरचं पातं टोकाला झिजलं होतं. दिगंबर चोख गॅप करत होते, पण मापच खोटं होतं. सगळ्या प्लगांच्या फटी अरुंद, ठिणगी मरतुकडी. आणि ते पातं झिजवलं होतं तिने, शेंडीने, हळदकुंकू लावायला.

नाडकर्णी आपला फीलर घेऊन गेले. कालिंदी काही बोलली नाही. गुरुवारीही बोलली नाही. न बोलण्यासारखं सोपं काही नव्हतं. फाल्गुनापर्यंत गप्प राहिलं की थेट कऱ्हाड.

शुक्रवारी एक वकील नवी गाडी घेऊन आला. प्लग बदला म्हणाला. कालिंदी पडवीत तांदूळ निवडत वाट पाहत होती, आता विचारतील, गाडी जाते कुठे? दिगंबरांनी नुसतं विचारलं, "कोणते घालू?" वकिलाला काय ठाऊक, त्याने दुकानात दिसले ते सांगितले. दिगंबरांनी मान हलवून ते घातले.

त्या दिवशी भात करपला.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने जुडगा त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. विटेची भुकटीसुद्धा सांगितली. त्यांनी पातं उजेडात धरलं, नखाने चाचपलं.

"कधी कळलं तुला?"

"बुधवारी."

"आज शनिवार."

"हो."

त्यांनी ट्रंकेवरच्या पत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुला तर जायचं होतं."

"जायचंय अजून."

"मग बोललीस कशाला?"

कालिंदी ताटं गोळा करत म्हणाली, "काल वकिलाला तुम्ही विचारलं नाहीत ना, गाडी कुठे जाते ते."

संध्याकाळी नाडकर्ण्यांकडे जाऊन दिगंबरांनी फीलर मागून आणला, आणि दुसऱ्या दिवसापासून ट्रामने एकेका गिऱ्हाइकाच्या दारी जाऊन प्लग नीट करू लागले. मापच झिजलं होतं, एवढंच सांगत. कोणी झिजवलं ते कुणाला सांगितलं नाही. घोषालांकडे मात्र कालिंदी हट्टाने बरोबर गेली आणि आपल्या मोडक्या बंगालीत स्वतःच सांगून मोकळी झाली. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि दोघींना हसू आवरेना.

कऱ्हाडचं पत्र दिगंबरांनी फाडून नवं लिहिलं. हात ठीक आहेत, तूर्त येत नाही, तुम्हीच एकदा इकडे या. खाली दोन ओळींची जागा सोडून कागद तिच्याकडे सरकवला. कालिंदीने टाक हातात घेतला, बराच वेळ खिडकीतून लोकलगाडी गेलेल्या बाजूला पाहत राहिली, आणि मग आपल्या मोठाल्या अक्षरांत लिहिलं की गोडा मसाला संपला आहे, कोणी येणार असेल तर शेरभर पाठवावा.