अस्थी सोडून परतताना

माझा जन्म तंजावूरचा, आणि पोहायला शिकले ती तिरुवैयारूला, कावेरीत. नदीचं पाणी एकाच दिशेनं जातं, एवढं कळलं की निम्मं काम झालं. समुद्राचं मला अजून काही कळलेलं नाही. नोकरी मात्र नेमकी त्याचीच मिळाली: किनाऱ्याजवळच्या पाण्याचे नमुने गोळा करायची. त्यासाठी इंजिनाची छोटी बोट चालवायला शिकावं लागलं. शिकवणारे सांगायचे, लाटा घोळक्यानं येतात, मोठ्या निघून गेल्या की थोडी उसंत मिळते, तेवढ्यात किनारा गाठा. मी बघत बसले की मोठ्या कुठे संपल्या तेच समजायचं नाही. पण एक गोष्ट त्यांनी डोक्यात ठोकून बसवली. परतताना सारखं मागे बघायचं. मागून आलेल्या लाटेनं बोट आडवी फिरवली की ती उलटलीच म्हणून समजा.

अप्पा गेले. मी एकुलती, म्हणून अस्थी सोडायचं माझ्याकडे आलं. कावेरी समुद्राला मिळते तिथे जायचं ठरलं. अम्माची एकच अट, लाटा फुटतात त्याच्या पलीकडे जाऊन सोडायच्या. काकांच्या वेळी काठावरून सोडलेलं मडकं लाटेनं परत आमच्या पायाशी आणून टाकलं होतं, आणि भटजींसकट सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले होते. म्हणून ओळखीच्यांची बोट मागून घेतली. भटजींना बोट लागते, ते वाळूवरच थांबले. आम्ही दोघी निघालो.

जाताना सोपं गेलं. लाट समोर दिसते, बोटीचं तोंड तिच्याकडे धरायचं, बस्स. फेसापलीकडे मी मडकं सोडलं, हात जोडले आणि बोट वळवली. तेवढ्यात अम्मा म्हणाली, "आतां मागे वळून पाहूं नको, गे."

आमच्यात हे फार कडक. अस्थी सोडणाऱ्यानं मागे पाहिलं तर गेलेला जीव अडकतो, पाठोपाठ घरी येतो. हे मला लहानपणापासून ठाऊक, समुद्राचा नियमही ठाऊक, आणि दोन्ही एकाच बोटीत बसणार आहेत हे एकदाही सुचलं नव्हतं! इकडे आड, तिकडे विहीर. इंजिन मंद करून मी तिथेच घुटमळत राहिले. मागून पाणी आम्हाला उचलायचं, खाली ठेवायचं, आणि गेली ती लाट मोठी होती की लहान, काही कळेना.

"अम्मा, न बघता मला बोट नेता येणार नाही. बुडू आपण."

"पाहिलंस तर अप्पांना वाट नाही मिळायची."

"मग काय इथेच राहायचं?" मी ओरडले. मला रडू येत होतं, आणि राग कुणावर काढावा तेही समजत नव्हतं.

फळीवर बसल्या बसल्याच अम्मा वळली आणि माझ्याकडे तोंड करून बसली. म्हणजे तिला आता माझ्या खांद्यावरून सगळा समुद्र दिसत होता.

"तूं पुढें बघ. काय पाहायचं तेवढं मला सांग."

मी सांगितलं. ती बोलू लागली. "मोठी आली. ही पण मोठी. नाही, ही लहान. थांब, तिच्यामागे आणखी एक आहे." माझ्यासारखाच तिचाही गोंधळ उडत होता. मग म्हणाली, "आतां काही नाही. जा." शेवटची मोठी लाट आमच्याखालून पुढे सरकली होती. तिला न ओलांडता, तिच्या पाठीमागेच राहून मी बोट वाळूला लावली.

उतरल्यावर भीती गेली तसा राग वर आला. "तूसुद्धा बघायचं नव्हतंस ना? आता अप्पा तुझ्या पाठोपाठ आले तर?"

"येऊं देत की," अम्मा ओलं लुगडं पिळत म्हणाली. "तुझ्या मागे नको, तुला कामं आहेत. माझ्या मागे येऊं देत."