चार सायकलींएवढी वाळू

चष्मेवाल्यांची गाडी रिकामी उभी असली की मागून उचललेली दिसायची, दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी. गल्लीतले लोक हसत. पूर्वी हीच गाडी मागून बसलेली असायची, तेव्हाही हसत.

तेव्हा त्यांचा मुलगा आणि मुलगी सायकलच्या शर्यतींत उतरत. शेजारची दोन भावंडंही सोबत असत. गाडीच्या पाठीला चार सायकली टांगायच्या, आत चार मुलं कोंबायची आणि पहाटे निघायचं. प्रत्येक गतिरोधकावर सायलेन्सर घासे. पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडत आणि समोरून येणारे ट्रकवाले शिव्या घालत. "जन्मभर लोकांचे डोळे सांभाळले," ते बायकोला म्हणाले, "आणि आता त्यांच्याच डोळ्यांत उजेड मारत सुटलोय."

आधी त्यांनी स्प्रिंगांच्या वेटोळ्यांमध्ये रबराचे ठोकळे बसवून घेतले. त्यातला एक वाटेत कुठेतरी उडाला. मग मिस्त्रीनं गाडी जॅकवर घेतली.

"ओझं कमी करा, नाहीतर जाड तारेच्या स्प्रिंगा घाला," तो म्हणाला. "पण सांगून ठेवतो, रिकामी गाडी हाडं खिळखिळी करेल."

"रिकामी असतेच कधी?"

"मग जुन्या डिकीत ठेवून देतो. पुढेमागे लागतील."

"भंगारात टाक," चष्मेवाले म्हणाले. भरल्या गाडीच्या तोऱ्यात त्या दिवशी त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

गाडी ताठ झाली. पण पुढे मुलांच्या सायकल क्लबनं व्हॅन घेतली. "बाबा, तुम्ही कशाला दगदग करता?" मुलगी म्हणाली, आणि तिच्या आवाजात काळजी होती की सुटका, हे त्यांना नीट कळलं नाही. नंतर ती नोकरीसाठी लांब गेली. मुलगा लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहू लागला. त्यानं नवी गाडी घेतली, तिच्यावर स्वतःची सायकल टांगली. चष्मेवाले रिकाम्या गाडीतून आपल्या चष्म्यांच्या दुकानात जात आणि उतरताना कंबर धरत. बायको म्हणायची, "अहो, बैलगाडी बरी." ते म्हणायचे, "पोरं आली की लागेल."

मग बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, टाके ओले आहेत, धक्का बसता कामा नये. रुग्णवाहिकेचं नाव काढताच ती म्हणाली, "मला आडवी नेऊ नका. अजून जिवंत आहे मी. बसून येईन."

त्यांनी मुलाला फोन केला. "तुझी गाडी मऊ आहे रे. आईला तेवढं घेऊन येऊ."

"आज? बाबा, आम्ही सगळे निघालोय, सायकली बांधून झाल्यात. आता सगळं सोडायचं म्हणजे… टॅक्सी करा ना. संध्याकाळी येतोच मी."

"बरं," ते म्हणाले. टॅक्सी त्यांनी केली नाही. तिला आपल्याच गाडीतून न्यायचं, या हट्टाला ते पेटले.

कोपऱ्यावर इमारतीचं काम चालू होतं. चष्मेवाल्यांनी पोती आणि फावडं मागितलं.

"किती वाळू हवी, काका?" वॉचमननं विचारलं.

"चार सायकलींएवढी." थोडं थांबून म्हणाले, "आणि वर पोरं."

वॉचमन हसला. चष्मेवाले हसले नाहीत. एकेक पोतं डिकीत टाकायचं, गल्लीतल्या खड्ड्यांवरून गाडी न्यायची, परत यायचं, आणखी एक टाकायचं. शर्ट पाठीला चिकटला. गाडीची पाठ हळूहळू खाली आली आणि एका खेपेला ती खड्ड्यातून अशी अलगद गेली की त्यांनी ब्रेक दाबला आणि नुसते बसून राहिले.

हॉस्पिटलातून येताना बायको मागच्या सीटवर उशांत टेकून बसली होती. गल्लीतला पहिला खड्डा मागे पडला. मग म्हणाली, "आज गाडी आदळत नाहीये. डिकीत काय भरलंय?"

"सामान आहे."

"कोणाचं?"

त्यांनी आरसा उगाच नीट केला, तशी बाहीला चिकटलेली वाळू तिला दिसली.

संध्याकाळी मुलगा आला. आईच्या पायाशी बसला, "बरं वाटतंय ना?" म्हणाला आणि उत्तर पुरतं व्हायच्या आत बाहेर वडिलांकडे आला. दारात त्याची गाडी उभी होती. पाठीला तीन सायकली, मागची चाकं अर्धी आत गेलेली.

"बाबा, बघा ना, कशी बसलीये. आज दोनदा घासली. तुमच्या त्या मिस्त्रीचा नंबर द्या."

चष्मेवाल्यांनी फोन काढला. नंबर सापडेना म्हणून ते चष्मा कपाळावर सरकवून शोधत राहिले.

"द्या हो त्याला," आतून बायकोचा आवाज आला, क्षीण पण स्पष्ट. "जुन्या स्प्रिंगा मात्र टाकू नको म्हणावं. आणि टाकल्याच, तर वाळू आपल्याकडे आहे."

"कसली वाळू?" मुलानं विचारलं.

चष्मेवाल्यांनी नंबर सांगितला.