हिरव्या चौकड्यांचा रुमाल

कॉलेजच्या आठवणी निघाल्या की लोकांचे डोळे ओले होतात. माझ्या मुठी वळतात. माझं ऑफिस वाशिमच्या एस.टी. स्टँडच्या पलीकडच्या गल्लीत आहे, त्यामुळे रोज तिथूनच जावं लागतं, आणि अनसिंगची गाडी लागते त्या फलाटापाशी आलो की मी भराभर चालायला लागतो. कोपऱ्यातली रसवंती तीच, झेरॉक्सचं दुकान तेच, भिंतीवरच्या पिचकाऱ्याही बहुतेक त्याच. एवढ्याशा जागेत मी माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राची दोन बोटं चिरडली. अकरा वर्षं झाली, त्याच्यासमोर हे कबूल करायची माझी हिंमत झाली नव्हती.

आम्ही दोघं अनसिंगचे, एका वर्गातले, एका गाडीने येणारे-जाणारे. बाजारलाइनीत त्याच्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. अब्बांची नजर अधू झालेली. मशीन ते सवयीने चालवत, पण कापड कापायचं काम पूर्ण त्याच्यावर होतं. कॉलेजातून घरी गेला की हातपाय धुऊन थेट कात्री हातात घ्यायचा. त्याचा उजवा हात चालला तर दुकान चालायचं, हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि मला सगळ्यांपेक्षा जास्त. एकदा कुणाच्या तरी शर्टाचं हिरव्या चौकड्यांचं कापड उरलं. त्याने त्याचे दोन रुमाल केले, कडा दुमडून शिवले, एक स्वतःला ठेवला आणि एक मला दिला.

रुमाल ही आमच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. पाचची गाडी फलाटाला लागायच्या आधीच पोरं तिच्यासोबत धावायची आणि खिडकीतून रुमाल आत टाकायची. रुमाल पडला ती सीट तुमची. रुमाल नसला तर वही, टोपी. एकाने तर पायातली चप्पल टाकली होती आणि ती सीटही सगळ्यांनी मानली होती. दुसऱ्याचा रुमाल उचलणं म्हणजे शिवी, आणि शिवीचं उत्तर आमच्याकडे हातानेच द्यायची रीत होती.

त्या दिवशी प्रॅक्टिकलला सरांनी माझं जर्नल दोन पानं चाळून दाराबाहेर भिरकावलं. सगळा वर्ग हसला. माझा मित्रही हसला असं मला वाटलं. मी पानं गोळा केली आणि दुपारभर आतल्या आत धुमसत राहिलो. कुणीतरी एक शब्द बोलावा आणि मी त्याचं तोंड फोडावं, एवढीच इच्छा होती.

पाचला गाडी आली. माझ्यापुढे पोरांची रेटारेटी, मी त्यांच्या डोक्यांवरून रुमाल आत फेकला. तो नेमका कुठे पडला ते दिसलं नाही. रसवंतीच्या पिंपावर तोंड धुऊन आलो तर गाडी गच्च भरलेली आणि दारापासून तिसऱ्या सीटवर, खिडकीशी, माझा मित्र बसलेला. हिरव्या चौकड्यांच्या रुमालाने मान पुसत होता.

"ऊठ," मी म्हणालो. "माहा रुमाल हाय तो."

"तुहा नाई, माहा हाय. तुहा मांगच्या सीटवर पडला. मांगं पाह्य न."

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "गेली बे सीट तुही!" आणि गाडीभर हशा पिकला.

मी मागे पाहिलं नाही. त्याची कॉलर धरून त्याचं कपाळ समोरच्या सीटच्या दांड्यावर आपटलं. एकदा नाही, दोनदा. रक्त नाकापर्यंत आलं. तो मला मारत नव्हता, नुसता "अबे पाह्य न, अबे पाह्य न" म्हणत होता, आणि त्या बोलण्याने माझं डोकं आणखी भडकलं. मी त्याला पोरांच्या पायांवरून फरफटत दारापर्यंत आणलं. पोरं शिट्ट्या मारत होती. एक म्हातारी "मारू नको रे बापा" म्हणत राहिली. मी त्याला खाली ढकललं. पडताना त्याने दाराची चौकट उजव्या हाताने धरली. मला ती बोटं दिसत होती. मी दार ओढलं आणि सगळं अंग लावून आपटलं.

तो आवाज मला सांगता येत नाही. त्याची किंकाळी उशिरा आली. कुणीतरी दार उघडलं, तो फलाटावर बसला, आणि रसवंतीवाल्याने त्याच्याच रुमालाने हात बांधला. हिरव्या चौकड्या बघता बघता काळ्या पडल्या.

मी वळलो, तेव्हा मागच्या सीटवर माझा रुमाल दिसला. कोपऱ्यावरचा शाईचा डाग ओळखीचा. मी जाऊन त्या सीटवर बसलो. खिडकीतून तो माझ्याकडे पाहत होता. कंडक्टर नोंद करायला कंट्रोलरच्या केबिनमध्ये गेला होता, म्हणून गाडी अजून दहा मिनिटं उभी होती.

त्याची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळचं आणि मधलं, दोन्ही अर्ध्यावरून. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या गेटवर त्याच्या मोहल्ल्यातली पोरं हॉकी स्टिक घेऊन उभी, इकडून आमची पोरं दगड घेऊन. एकाचं डोकं फुटलंच. आता हे दोघांचं भांडण राहिलं नव्हतं, त्याला धर्माचा वास यायला लागला होता. तेव्हा तो पट्टी बांधलेला हात घेऊन मधे आला आणि म्हणाला, "कोनं नाई लावलं दार. हवेनं लागलं." अब्बांनाही त्याने तेच सांगितलं. मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं नाही. माझी हाडं त्याच्या खोटं बोलण्याने वाचली, आणि त्याबद्दलही मला त्याचाच राग यायचा, इतका मी हलकट होतो.

गेल्या महिन्यात त्याच फलाटावर दोन कॉलेजकुमार सीटवरून एकमेकांच्या नरड्याला लागले. मी सोडवायला गेलो आणि एकाच्या कानाखाली अशी ओढली की तो कोलमडला. पडताना त्याने उभ्या गाडीच्या दाराची चौकट धरली. मी त्याची बोटं सोडवून चौकटीपासून दूर केली. त्याची माफी मागितली, ऑफिसला न जाता अनसिंगची गाडी पकडली.

दुकानात तो डाव्या हाताने कापड कापत होता. आता चांगलं कापतो. शिकायला तीन वर्षं लागली म्हणे. त्या काळात अब्बा अंदाजाने कापत आणि गिऱ्हाइकं तुटत गेली. मी इतक्या वर्षांत त्याच्याकडून कितीतरी शर्ट शिवून घेतले होते, दर वेळी नजर टेपवर ठेवून. त्या दिवशी कापडही नेलं नव्हतं.

"दार म्या लावलं होतं," मी म्हणालो. "पाहून लावलं. रुमाल तुहाच होता."

"मले मालूम हाय," तो म्हणाला. कात्री थांबली नाही. "रागात होऊन जाते माणसाच्यानं. त्याचं मी कधीच सोडून देलं." मग त्याने कात्री खाली ठेवली. "पन गाडी दहा मिनिटं उभी होती. तू उतरला काहून नाई?"

अकरा वर्षांत हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला नव्हता, कारण उत्तर माहीत होतं. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"उतरलो असतो त सीट गेली असती."

अर्ध्या बोटांच्या हाताने कापडावरची घडी सरळ करत तो म्हणाला, "मांगून येनाऱ्या गाडीनं गेलो असतो न बे, दोघं."