आर्लिस बर्गमचा पहिला नकार

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाच्या गृहमाता मिस आर्लिस बर्गम नव्या मुलींना फारसे नियम सांगत नसत. दाराच्या घंटेला उत्तर द्या, ओले मोजे रेडिएटरवर वाळत घालू नका, एवढंच. मात्र एक गोष्ट त्या हमखास सांगत. "मेणबत्ती हातात आली की श्वास रोखू नका गं. नेहमीसारखा घ्या."

कुणाचं लग्न ठरलं की आमच्याकडे मेणबत्ती फिरे. ती मुलगी फक्त गृहमातेला सांगे. त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर बैठकीच्या खोलीतले दिवे मालवत, आम्ही सगळ्या गोल उभ्या राहत असू आणि गाणं म्हणत एक पेटती मेणबत्ती या हातातून त्या हातात देत असू. आज कोण, हे कुणालाच माहीत नसे. जिचं ठरलेलं असे ती आपल्या हाती ज्योत आल्यावर फुंकर मारे. मग एकच गलका होई. कुणीतरी खिडकी उघडून पलीकडच्या मुलांच्या वसतिगृहाकडे त्या मुलाचं नाव ओरडे. मुलं त्याला उचलून चॅपलमागच्या तळ्यात टाकत, बुटांसकट.

मिस बर्गम याच खोलीत, याच वर्तुळात उभ्या राहिलेल्या होत्या. एकोणीसशे त्रेपन्नमध्ये, तिसऱ्या वर्षाला असताना. त्या वेळची गोष्ट त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली, बहुतेक वेळा चादरींच्या घड्या घालताना.

तेव्हा आर्लिसच्या मनात ऑरिन टोलेफसन होता. तो जेवणघरात ताटं उचलायचं काम करी. शेतकऱ्याचा मुलगा, लांब हातांचा, बोलायला कंजूस. रविवारी चॅपल सुटलं की तो तिच्याबरोबर पुलापर्यंत चालत जाई आणि परत येई. वर्षभर हे चाललं होतं. एकदा तो म्हणाला होता, "तुझ्याबरोबर चालणं काही वाईट नाही." आमचे आजे-पणजे नॉर्वेहून अमेरिकेत आलेले. आमच्यात 'वाईट नाही' याच्यावर स्तुती जात नाही. आर्लिसने ते वाक्य महिनाभर पुरवलं. आता त्याने विचारावं, आणि आपणहून विचारावं, एवढंच तिला हवं होतं.

त्या संध्याकाळची मेणबत्ती खरं म्हणजे तिच्या खोलीतल्या व्हर्ना हॉगनची होती. व्हर्ना वर्तुळात आर्लिसच्या लगेच पुढे उभी होती. ज्योत आपल्या हातात विझू नये म्हणून सगळ्याच मुली तेवढ्यापुरतं गाणं थांबवून श्वास रोखून धरत, आर्लिसनेही धरला. पण ज्योतीकडे बघता बघता तिला ऑरिन आठवला, मेणबत्ती पुढे द्यायची राहिली, आणि रोखलेला श्वास एकदम सुटला.

अंधार झाला. मग गलका.

"आर्लिस! अगं लबाड, काही बोलली नाहीस!"

"तरीच रविवारी टोपी बदलून जात होती."

"नाही गं, मी..." ती म्हणाली, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा मोठ्याने म्हटलंही नाही. मिठ्या मारल्या जात होत्या, आणि घटकाभर ते खरं असल्यासारखं वाटत होतं. व्हर्नाने तर तिच्या कानात सांगितलं, "माझी मेणबत्ती पुढच्या आठवड्यात. आज तुझी असू दे." तोवर खिडकी उघडून ऑरिनचं नाव ओरडून झालं होतं.

आर्लिस कोट अंगावर टाकून तळ्याकडे धावली, पण उशीर झाला होता. ऑरिन काठावर उभा होता, केसांतून पाणी गळत होतं. भोवती मुलं हसत होती.

"मला कुणी काही सांगितलंच नाही," तो म्हणाला.

"चुकून झालं. माझा श्वास सुटला आणि विझली."

त्याने मुलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बरं. आता भिजलोच आहे, तर आपलं ठरूनच जाऊ दे."

मुलांनी शिट्ट्या मारल्या. आर्लिस म्हणाली, "नको. भिजलास म्हणून नको."

"बरं," ऑरिन म्हणाला.

आता आमच्यात कुणी पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणत नाही. कॉफी घेणार? नको. घ्या हो. नको, उगाच त्रास. घ्या ना, केलेलीच आहे. मग बरं, अर्धा कप. पहिला नकार म्हणजे रीत, दुसरा म्हणजे संकोच, खरं उत्तर तिसरं. शाळेत न जाणाऱ्या पोरालासुद्धा हे कळतं. ऑरिनच्या आईकडे तर पाहुण्याला चार वेळा विचारत. आर्लिस काठावर उभी राहिली आणि त्याच्या दुसऱ्या वेळेची वाट बघू लागली. तो थंडीने कुडकुडत खोलीकडे गेला.

पुढच्या रविवारी तो आला, पुलापर्यंत चालला. तिने वाट पाहिली. त्याच्या पुढच्या रविवारीही. मग बर्फ पडलं. वसंतात पदवी घेऊन तो डकोटाला काकांच्या शेतावर गेला, आणि दोन वर्षांनी व्हर्नाने कळवलं की तिकडच्या एका शिक्षिकेशी त्याचं लग्न झालं. आर्लिसने गावोगाव शाळेत शिकवलं आणि गृहमातेची जागा रिकामी झाली तेव्हा परत आली.

माझ्या तिसऱ्या वर्षाची गोष्ट. शरदातला माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. सगळे फुटबॉलच्या मैदानावर गेले होते. मिरवणुकीच्या गाडीसाठी मी बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसून कागदी फुलं जाळीत खोचत होते, मिस बर्गम पलीकडे पडदे सारखे करत होत्या. लांब हातांचा एक माणूस दारात आला, टोपी हातात घेऊन.

"आर्लिस."

"ऑरिन. बायको कुठंय?"

"सामना बघतेय. मला त्यात काही कळत नाही, तुला माहितीय."

ते खिडकीजवळ बसले. माझी त्यांना अडचण वाटली नाही. फुलं करणाऱ्या मुली त्या दिवसांत खुर्च्यांसारख्याच सगळीकडे असत. गव्हाच्या पिकाचं बोलून झालं, व्हर्नाच्या जुळ्यांचं झालं. मग मिस बर्गम अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस."

तो कशाबद्दल ते विचारायला थांबला नाही. "तू नको म्हणालीस."

"एकदा म्हणाले."

"लग्नाचं कॉफीसारखं असतं होय?"

"तुझ्या आईच्या घरी तरी सगळं कॉफीसारखंच होतं."

तो हसला, मग हसायचा थांबला. "मला वाटलं, चारचौघांत तुझी फजिती झाली, वर मी आणखी कशाला. तू म्हणालीस, भिजलास म्हणून नको."

"म्हणजे सुकल्यावर ये."

"ते तू बोलली नाहीस."

"नाही," त्या म्हणाल्या. "ते नाही बोलले." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "विचारणार होतास का, ऑरिन? मेणबत्ती नसती तर?"

त्याने टोपीची कड बोटांत फिरवली. मी फूल खोचायची थांबले होते.

"माहीत नाही," तो म्हणाला. "हो म्हटलं तर तुला बरं वाटेल. पण खरंच माहीत नाही. मला कळायच्या आतच त्यांनी पाण्यात टाकलं."

मैदानाकडून बँडचा आवाज आला. तो उठला, त्यांचा हात हातात घेतला, सोडला, आणि जिन्यावरून जपून उतरत गेला.

मिस बर्गम माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसल्या. गाडी निघायला वेळ थोडा होता आणि जाळी अजून अर्धी उघडीच होती. त्यांनी कागद घेतला, चुणी घातली, फूल केलं.

"खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं," मी म्हणाले. मला राग आला होता.

"तो खोटं बोलत नाही," मिस बर्गम म्हणाल्या. "म्हणून तर तोच हवा होता." आणि पुढचा कागद उचलला.