गुलाल पडलेलं पिल्लू

सोपानरावांना बैलातलं कळतं, हे पुनावळ्यात कुणीही शपथेवर सांगेल. पण बैलातलं कळतं म्हणजे जगातलं सगळंच कळतं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि त्यांच्या सुनेचे, मंजुषाचे, त्यात हाल होत होते.

मंजुषाची मुलगी सायली आठ वर्षांची, स्वमग्न. बोलणं अगदी थोडं. मिक्सर लागला की कानांवर हात ठेवून कॉटखाली शिरायची. अंगाला कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. पण रस्त्याकडेला एखादं कुत्रं निवांत झोपलेलं दिसलं की थांबायची, बघत राहायची. थेरपीच्या मॅडमनी ते हेरलं. म्हणाल्या, घरी कुत्रं आणून बघा. वयानं मोठं हवं, शांत हवं. आणि आणण्याआधी सायलीला त्याच्याकडे नेत जा, पसंती तिची तिला करू द्या.

मंजुषानं पुष्कळ ठिकाणी विचारलं, तेव्हा कुठे वाकडला चारुलताबाईंकडे बुंदी सापडली. बुंदी म्हणजे पोक्त वयाची लॅब्रॅडॉर, दिवसभर गार लादीवर पोट टेकून पडलेली. चारुलताबाईंच्या यजमानांची बदली झाली होती आणि नव्या जागेत कुत्रं चालणार नव्हतं. मंजुषा दर शनिवारी सायलीला तिकडे नेऊ लागली. पहिल्यांदा सायली दारातच उभी राहिली. पुढे आत येऊन लांब बसायला लागली. मग एका शनिवारी तिनं बूट काढले आणि तळपाय हळूच बुंदीच्या पाठीला टेकवले. बुंदीनं एक डोळा उघडला आणि परत मिटला. परतताना स्कूटरवर मागून आवाज आला, "बुंदी." आईला कधी 'आई' न म्हणालेली पोर! मंजुषानं स्कूटर कडेला घेतली. डोळे भरून आले होते, रस्ताच दिसेना.

घरी येऊन तिनं सासऱ्यांना सांगितलं आणि तिथंच माशी शिंकली.

"म्हातारी कुत्री? आन् तीबी दुसऱ्यानं टाकलेली?" सोपानराव म्हणाले. "आमच्या दारात? गाव काय म्हणंल?"

"अण्णा, सायलीला ती आवडलीय. पाय लावला तिनं."

"पोरीला काय कळतंय त्यातलं! जनावर कसं निवडायचं ते आमाला शिकवू नगं, सूनबाई."

पालथ्या घड्यावर पाणी. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. रोहिदास महाळुंग्याच्या कंपनीत सुपरवायझर. तिथं शिफ्टभर आवाज चढवून बोलणारा हा गडी वडिलांपुढे मात्र मूग गिळून बसायचा. "बघू गं," तो म्हणाला. त्याच्या 'बघू'वर मंजुषानं अख्खा संसार काढला होता. तिला त्या शब्दाची आता शिसारी आली होती.

इकडे सोपानराव आपले दोस्त भिमाजी यांना घेऊन चाकणकडच्या एका फार्मवर पोहोचलेसुद्धा. रॉटवायलरची पिल्लं होती. बैलगाडा शर्यतीच्या घाटात पळणारा खोंड निवडतात तशी त्यांनी पारख सुरू केली. पाठीवरून हात फिरवून बघितला, शेपटी ओढून बघितली, कानाशी टाळी वाजवली. एक पिल्लू टाळीनं हललंसुद्धा नाही. त्याला त्यांनी पायानं बाजूला सारलं. "थंड हाय." दुसऱ्यानं टाळीसरशी उसळी मारली आणि त्यांच्या धोतराला लोंबकळलं. "ह्येच!" सोपानराव खूश झाले. "दावं तोडतं तेच घाटात पळतं, भिमाजी!"

आता सायलीला काही घाटात पळायचं नव्हतं. पण हे त्यांना सांगणार कोण?

बरं, नवा बैल दारात येतो तो काय गुपचूप येतो? रविवारी गल्लीच्या तोंडाशी हलगी कडाडली. भिमाजींनी पिल्लू खांद्यावर घेतलेलं, पोरं गुलाल उधळतायत आणि सोपानराव पुढे ओरडतायत, "सायले, बघ तुझा राजा आणला!" मंजुषा स्वयंपाकघरातून धावली तोवर पिल्लानं खाली उडी टाकली होती आणि भुंकत थेट अंगणात कान दाबून उभ्या असलेल्या सायलीच्या अंगावर झेप घेतली होती.

सायली बाथरूममध्ये शिरली. हलगी थांबली तरी बाहेर येईना. स्वतःच्या मनगटाला तिनं रक्त येईतोवर चावे घेतले.

"परत द्या ते," मंजुषा म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"गुलाल पडलाय त्याच्यावर," सोपानराव म्हणाले. "गुलाल पडलेलं जनावर परत करत न्हाईत. व्हईल पोरीला सवय." खरं तर तेही हबकले होते. पण गावादेखत मिरवलेलं पिल्लू माघारी धाडायचं म्हणजे नाक कापून घेणं, आणि नातीवर कितीही जीव असला तरी त्यांचं नाक मोठं होतं.

पिल्लू फाटकाशी बांधलं गेलं. मंजुषानं तरीही वाकडला फोन लावला, बुंदीला आतल्या खोलीत ठेवते म्हणाली. चारुलताबाई हळहळल्या, पण नाहीच म्हणाल्या. असं दांडगट पिल्लू असलेल्या घरात बुंदी या वयात राहायची नाही. त्यांचं सामानही बांधून झालं होतं. त्याच आठवड्यात बुंदी नाशिकच्या एका निवृत्त जोडप्याकडे गेली.

शनिवारी संध्याकाळी सायलीनं आपणहून बूट घातले. एक हात कानावर दाबून ती अंगणाच्या पायरीवर येऊन बसली. तिला बघून पिल्लू साखळी ताणून भुंकायला लागलं. सायली म्हणाली, "बुंदी."

सोपानराव खुर्चीतून उठलेच. "ऐकलं का? नाव ठेवलं पोरीनं त्याला! आमी म्हणत नव्हतो?" लगेच भिमाजींना फोन झाला. "बुंदी, बुंदी," करत ते पिल्लाला चुचकारू लागले.

मंजुषा दारात उभी होती. ओरडायचं ठरवून आली होती, पण हळूच म्हणाली,

"अण्णा, ती त्याला हाक मारत नाहीये. आज शनिवार आहे. वाकडला न्यायला सांगतेय."

सोपानरावांचा हात पिल्लाच्या डोक्यावर तसाच राहिला. "मग ने की तिला," ते म्हणाले.

"बुंदी गेली, अण्णा."

रोहिदास शिफ्टवरून आला तेव्हा सायली पायरीवरच बसलेली होती. बूट ती काढू देत नव्हती.